बॉनेट उघडलं, तर पट्टाच नाही!

‘पाना आणि पुस्तक’ : वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न आणि एका निवृत्त एसटी फोरमनची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, राहणार चिपळूण. १९८८ साली घेतलेल्या मारुती आठशेपासून आजवर घरातल्या तिन्ही गाड्यांचं ऑइल, फिल्टर, प्लग मीच बदलत आलो. सहा महिन्यांपूर्वी मुलाच्या आग्रहाने स्ट्राँग हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटार दोन्ही असलेली गाडी. गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलाने हात जोडून सांगितलं, “काका, काच धुवायचं पाणी भरण्यापुरतंच बॉनेट उघडा.” परवा न राहवून उघडलं. फॅनबेल्ट सापडला नाही, डायनॅमो नाही, सेल्फ नाही. कूलंटच्या दोन वेगवेगळ्या टाक्या आणि नारिंगी केबली दिसल्या. गपचूप बॉनेट लावलं. या गाडीत मी काय करू शकतो आणि कशाला हात लावू नये? की आता पाने भंगारात द्यायचे?

उत्तर : साहेब, पट्टा शोधलात यात लाजण्यासारखं काही नाही. मीही शोधला होता. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात लेलँड आणि टाटाची इंजिनं खोलून बसवलेला माणूस, मुलीच्या नव्या गाडीत टॉर्च मारून पट्टा शोधतोय, आणि गॅलरीतून शेजारी विचारतायत, “काय, अंगठी पडली का?”

पट्टा नाही, कारण पट्ट्याने फिरवायचं काही उरलेलंच नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर, पाण्याचा पंप विजेवर, स्टिअरिंग विजेवर. इंजिन सुरू करायला वेगळा सेल्फ नाही. गिअरबॉक्सच्या जागी जो डबा दिसतो त्यात दोन मोटारी असतात; त्यांतली एक इंजिनाला फिरवून जागं करते आणि मग स्वतःच जनरेटर होऊन बसते. बारा व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज होते ती मोठ्या बॅटरीतून, कन्व्हर्टरमार्फत. म्हणजे पट्ट्याचा ताण, डायनॅमोचे कार्बन, सेल्फचं बेंडिक्स, क्लच प्लेट ही तुमच्या-माझ्या उमेदीच्या काळातली निम्मी दुखणी बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये जन्मालाच आलेली नाहीत. जे उरलंय त्यातलं बरंच तुम्हाला जमेल. पाने ठेवा. फक्त कानावर विसंबू नका.

हे कानाचं मी डोक्याला टेंगूळ आणून शिकलो. गाडी घरी येऊन आठवडा झाला होता. मुलगी डबा विसरली म्हणून वर गेली. गाडी अंगणात उभी, आवाज नाही, थरथर नाही. आमच्या लेखी अशी गाडी म्हणजे बंद गाडी. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या पंख्याजवळची धूळ फडक्याने पुसायला लागलो. तिने एसी चालू ठेवला होता, बॅटरी उतरली, आणि गाडीने न विचारता इंजिन सुरू केलं. मी असा उडालो की डोकं बॉनेटच्या कडीवर आपटलं. हात आणखी आत असता तर आज हे उत्तर दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागलं असतं. डॅशबोर्डवर हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ लिहिलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासूनची रीत : बटण दाबून गाडी पूर्ण बंद, ‘रेडी’ विझलंय याची डोळ्यांनी खात्री, आणि किल्ली घरात, स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याशेजारी. खिशात नाही. खिशात किल्ली असली की कोणी नातवंड आत बसून ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबू शकतं.

आता नारिंगी केबली. नारिंगी म्हणजे उच्च दाब, हा रंग जगभर याच कामासाठी ठेवलाय. आपल्याकडे खपणाऱ्या एका मध्यम एसयूव्हीच्या हायब्रिड बॅटरीचा दाब १७७.६ व्होल्ट आहे, आणि तो डीसी आहे. गाडी बंद केली तरी इन्व्हर्टरमधले, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटारींसाठी एसी करणाऱ्या डब्यातले, वीज साठवणारे कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. म्हणून तर प्रशिक्षित मेकॅनिकसुद्धा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारी खुंटी) काढल्यावर दहा मिनिटं हात बांधून उभा राहतो. नारिंगी केबल, ती जिथे जाते तो डबा, त्या डब्याचा बोल्ट : यातलं काहीही तुमचं नाही, माझंही नाही. पण तिला दुरून बघत राहा. उंदराने कुरतडलीय का, खालच्या बाजूला कव्हर निखळून लोंबतंय का, हे बघायला शिक्षण लागत नाही. बऱ्याच गाड्यांत ही केबल पुढून मागच्या बॅटरीपर्यंत तळाखालून जाते. त्यामुळे जॅक मिळेल तिथे लावायची जुनी खोड सोडा. पुस्तकात दाखवलेल्या खाचेतच जॅक, आणि खाली शिरायचं असेल तर स्टँड लावल्याशिवाय नाही. गाडीबरोबर येणारा स्क्रू जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो.

कूलंटच्या दोन टाक्यांचं कोडं सोपं आहे. एक इंजिनासाठी, दुसरी इन्व्हर्टरसाठी. इन्व्हर्टर तापतो, त्यालाही पाणी फिरतं ठेवावं लागतं. महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, दोन्ही टाक्यांची पातळी बाहेरूनच बघा. झाकण उघडायचं कारण नाही. पातळी खाली गेली असेल तर गळती आहे, आणि गळतीवर पाणी ओतणं हा इलाज नव्हे. नळाचं पाणी नको, आणि टपरीवरचं हिरवं कूलंटही नको. कंपनीचं कूलंट बहुतेक पाणी मिसळूनच येतं, त्यात आणखी पाणी घातलं की त्याची धार जाते.

आता तुमच्या आवडीचं, ऑइल. तुमच्या आठशेत जाड २०डब्ल्यू-४० घातलं असेल. इथे पुस्तक पातळ ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० मागतं. डब्यातून ओतताना वाटतं, हे ऑइल आहे की खोबरेल! पातळ असण्यामागे कारण आहे. हे इंजिन एका फेरीत पन्नास वेळा झोपतं आणि पन्नास वेळा उठतं. उठल्या उठल्या ऑइल वरपर्यंत पोचायला हवं. “आमच्या हवेत जाड ऑइलच बरं” असं सांगणारा दुकानदार भेटेलच. त्याच्याकडून फडकं घ्या, ऑइल नको.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. इंजिन निम्मा वेळ बंद असतं, मग ऑइल दुप्पट टिकेल ना? नाही. चिपळूणसारख्या गावात, घर ते बाजार तीन किलोमीटर, इंजिन तापायच्या आतच बंद पडतं. मग आतला दमटपणा उडून जात नाही, ऑइलमध्ये मुरतो. पावसाळ्यात कधी ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून साय धरल्यासारखं दिसलं तर हेच. इंजिन नीट तापेल असा तासाभराचा फेरफटका महिन्यातून दोनदा मारा, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्ष झालं की ऑइल बदला.

पण ते तुम्ही बदलावं का? पहिल्या तीन वर्षांत माझं मत नाही असं आहे. अंगातली कला गेली म्हणून नाही, हिशोब म्हणून. पहिल्या काही सर्व्हिसला मजुरी तशीही माफ असते. दुसरं म्हणजे वॉरंटी. हायब्रिड बॅटरीवर आपल्याकडच्या प्रमुख कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, आणि वॉरंटीच्या पुस्तकात ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रात करा असं लिहिलेलं असतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. त्याच निकालात, बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तत्त्व चांगलं आहे. पण आठ वर्षांच्या बॅटरीसाठी काउंटरवर निकालपत्र घेऊन भांडण्यापेक्षा शिक्का असलेलं जॉब कार्ड फाइलला लावलेलं मला परवडतं. तुम्ही बँकेतले, तुम्हाला कागदाचं महत्त्व मी काय सांगू.

तपासणी मात्र तुमचीच. मुलीची गाडी दुसऱ्या सर्व्हिसहून आली, मी सवयीने डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. जास्त ऑइलात क्रँक फेस काढते आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. त्याच संध्याकाळी परत नेली, त्यांनी मुकाट्याने काढून दिलं. सपाट जागा, गाडी बंद करून पाच मिनिटं, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची. एवढं आठशेसारखंच आहे.

तीन वर्षांनंतर स्वतः बदलणार असाल तर खालचं प्लास्टिकचं कव्हर उतरवताना क्लिपा मोडू नका, ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घाला, आणि आपला जुना मंत्र, ‘मनगटाला कळतं’, तो विसरा. खाली अॅल्युमिनियमचा चेंबर आहे. मनगटाच्या भरवशावर मी माझ्या स्कूटरचे आटे घालवलेत. टॉर्क रेंच घ्या, पुस्तकातला आकडा लावा, ‘कट्’ झालं की थांबा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते गोळा करणारे नेतात. गटारात नाही. वाशिष्ठीत आधीच काय कमी जातंय?

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर आजच तुमच्या ताब्यात घ्या. महामार्गाच्या कामाची धूळ तुमच्याइतकी कोणी खाल्ली नसेल. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन बाजूंनी दाबून खण खाली सोडायचा, पट्टी सरकवायची. बाणाची दिशा लक्षात ठेवा, उलटा बसतो आणि मग एसी घोरल्यासारखा आवाज करतो. नवीन बसवताना मी मार्करने चौकटीवर तारीख लिहितो. सर्व्हिसनंतर बिलात ‘केबिन फिल्टर बदलला’ असेल आणि आत माझीच तारीख दिसली, तर बोलायला विषय मिळतो.

याच्याइतकीच एक जाळी महत्त्वाची आहे आणि ती कोणी दाखवत नाही. मोठी बॅटरी हवेने गार होत असेल तर ती हवा केबिनमधूनच ओढली जाते. बऱ्याच मॉडेलांत मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला ही जाळी असते, काहींत पुढच्या सीटखाली; पुस्तकात चित्र मिळेल. गणपतीला मुंबईहून गावी येणारी गाडी डोळ्यांसमोर आणा : मागच्या सीटवर तीन माणसं, पायाशी पिशव्या, तांदळाचं पोतं, वर आजीची शाल. आणि जाळी त्या पोत्यामागे! बॅटरी तापली की गाडी तिचा वापर आवरता घेते, इंजिन जास्त चालतं, आणि मग तक्रार येते, “ॲव्हरेज पडलं.” जाळीवर काही ठेवू नका. दर दोन महिन्यांनी घरच्या व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्या. कुत्रा मागे बसत असेल तर दर महिन्याला. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नका, धूळ आतच जाते.

ब्रेक. पॅड बदलायची हौस आवरा. ही गाडी थांबताना आधी मोटारीने वेग खाते, पॅड उशिरा आणि कमी लागतात. म्हणून ते खूप टिकतात. पण कोकणात टिकतात म्हणजे न वापरता गंजतात. चार महिन्यांच्या पावसात डिस्कवर तांबेरा, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना जाम. रिकामा रस्ता बघून अधूनमधून जरा दाबून ब्रेक मारा, म्हणजे पॅड डिस्कला घासून साफ करतील. पावसाळा संपला की पिना साफ करून ग्रीस लावून घ्या, पण वर्कशॉपात. कारण काही हायब्रिडमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा पंप आपणहून दाब तयार करतो. तो बारीक ‘झुंई’ आवाज तुम्ही ऐकला असेल. पॅड काढून बसलाय, बोटं आत आहेत, आणि कोणी दार उघडलं तर? ब्रेक ऑइलची हवाही काही गाड्यांत स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. ऑइल मात्र वेळेवर बदलून घ्या. ते पाणी शोषतं आणि तुमच्या हवेत शोषायला भरपूर आहे.

एसीचा गॅस कमी वाटला तर रस्त्याकडेच्या एसीवाल्याकडे जाऊ नका. कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्यात वीजरोधक ऑइल लागतं. नेहमीचं ऑइल गेलं की वीज बाहेर झिरपायला लागते, गाडी स्वतःला बंद करून टाकते, आणि बिल मोठं येतं.

शेवटचं, तुम्ही चिपळूणकर म्हणून. जुलै २०२१चा पूर तुम्ही बघितलाय. पुन्हा तशी वेळ आली आणि पाणी सीटपर्यंत चढलं, तर ओसरल्यावर “बघू तर” म्हणून बटण दाबू नका. आत हात घालू नका. उचलून, चारही चाकं वर घेऊन न्यायला सांगा. पुढची चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटारी वीज तयार करत राहतात.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, कामाला लोकलने जाते. हायब्रिड आठवडाभर खालीच उभी असते. गेल्या महिन्यात बारा दिवस गावी होतो, आल्यावर गाडी पूर्ण मेलेली. दारही रिमोटने उघडेना. एवढी मोठी बॅटरी असून असं कसं?

उत्तर : ताई, घरात पाण्याची टाकी भरलेली आहे पण कॉकच उघडत नाही, तशातला प्रकार. मोठी बॅटरी गाडी चालवते, पण तिला जोडणारा रिले आणि सगळे कॉम्प्युटर जागे करते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. ती उतरली की मोठी भरलेली असून उपयोग नाही.

दार उघडायला रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली असते, ती आजच काढून बघा. छोटी बॅटरी काही गाड्यांत डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते! अशा मॉडेलांत बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात जंप स्टार्टसाठी वेगळं टर्मिनल दिलेलं असतं. दुसऱ्याच्या गाडीवरून तुमची सुरू करून घेता येते. तुमच्या गाडीवरून शेजाऱ्याची डिझेल मात्र सुरू करून देऊ नका, त्याने कितीही गोड बोलून मागितलं तरी.

मला एक विचारायचंय. किल्ली कुठे टांगता? तळमजल्यावर घर असेल आणि खुंटी पार्किंगच्या भिंतीला असेल, तर किल्ली आणि गाडी रात्रभर एकमेकींशी बोलत बसतात. किल्ली आतल्या खोलीत न्या. आठवड्यातून एकदा गाडी ‘रेडी’त तासभर ठेवा, नुसतं बटण एकदा दाबून दिवे लागले ते पुरत नाही. त्यापेक्षा कल्याण-शीळ रस्त्याने एक चक्कर मारलीत तर टायरही गोल राहतील. बंद गॅरेजात ‘रेडी’त ठेवून जाऊ नका, इंजिन कधीही सुरू होतं आणि धूर कोंडतो.

व्होल्ट मोजायला एक स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या छोट्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आला तर उत्तम, १२.२ च्या खाली येत असेल तर ती थकलीय. बदलताना मूळ जातीचीच घ्या. बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर तिला वायू बाहेर सोडणारी बारीक नळी असते, ती परत जोडलीय ना हे स्वतः उभं राहून बघा. आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या नकोत, जाळी बसवून घ्या. आमच्याकडे गोळ्यांच्या पुडीचाच उंदराने बिछाना केला होता.

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय २६. वडील तीस वर्षं ट्रकवर होते. पसरणी घाट उतरताना आणि सिग्नलला ते मला गाडी न्यूट्रल करायला लावतात, “पेट्रोल वाचतं” म्हणतात. हायब्रिडमध्येही वाचतं का?

उत्तर : नाही रे बाबा, इथे उलटं आहे. ट्रकलाही घाटात न्यूट्रल धोक्याचंच, ते वडिलांना माहीत आहे, विचारून बघ. हायब्रिड न्यूट्रलमध्ये टाकलीस की मोठी बॅटरी चार्ज होणं थांबतं. सिग्नलला एसी तिच्यातून खात राहतो आणि भरायला कोणी नाही. घाटात तर उतार ही फुकटची कमाई असते, ती तू सोडून देतोस आणि सगळा भार पॅडवर टाकतोस.

‘डी’मध्येच ठेव. लांब उतार असेल तर ‘बी’ लाव, म्हणजे गिअरच्या दांड्यावरची उतारावर वेग आवरायची जागा. थोड्या वेळाने बॅटरी भरेल आणि इंजिन एकदम गुरगुरायला लागेल. घाबरू नकोस, बिघाड नाही. भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही म्हणून गाडी इंजिनाला नुसतं फिरवून वेग आवरते. वडिलांच्या ट्रकला दुसरा गिअर टाकल्यावर यायचा तोच आवाज. पुढच्या खेपेला त्यांना पाचगणीपासून शेजारी बसव आणि पडद्यावर शक्तीचा बाण लावून ठेव. चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण वाईपर्यंत त्यांनी बघितला, तर सिग्नलचं वेगळं सांगायला लागणार नाही.